सुईचं पथ्य

मुंजाजी कशानं गेला यावर आमच्या गावात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, दारूनं गेला. दुसरा म्हणतो, दारू सोडल्यानं गेला. दोन्ही पक्ष माझ्या गिरणीसमोरच्या बाकावर बसून तावातावानं भांडतात, आणि दमले की एकाच पुडीतला गुटखा वाटून खातात. तिसरं काही कारण असेल असं कुणी बोलत नाही. डोक्यात येत असणार, पण त्या तिसऱ्या कारणात सगळं गाव येतं, म्हणून ते बोलायचं नाही असं न ठरवताच ठरलेलं आहे.

गावाचं नाव सांगत नाही. ताडकळसच्या बाजाराला जाणारं एक गाव, एवढं पुरे. मी बन्सीधर, इथं पिठाची गिरणी चालवतो. दळण होईपर्यंत लोक थांबतात आणि बोलतात, आणि गिरणीच्या आवाजात आपलं बोलणं ऐकू जात नाही असं त्यांना वाटतं. तीस वर्षं पट्ट्याशेजारी उभं राहिल्यावर ओठांवरूनही कळायला लागतं.

मुंजाजी माझा शेजारी. थोडी कोरडवाहू जमीन होती, पण त्याची ओळख जमिनीची नव्हती, हातांची होती. म्हैस अडली, गाय आडवी पडली, बैलाच्या घशात काही अडकलं की माणसं त्याच्या दारात यायची. कोपरापर्यंत तेल लावून तो आत हात घालायचा, डोळे मिटायचा आणि पोटातल्या रेडकाशी काहीतरी पुटपुटत त्याला सरळ करून बाहेर काढायचा. बदल्यात कुणी ज्वारी द्यायचं, कुणी बाटली. बाटली देणारे जास्त, कारण ती दिली की उपकार फिटल्यासारखं वाटतं.

तो प्यायचा. उगीच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सकाळी अर्धा ग्लास देशी घेतल्याशिवाय त्याचे हात स्थिर व्हायचे नाहीत आणि संध्याकाळी ग्लासाला अर्धेपणा उरायचा नाही. त्याची बायको कमलबाई हिला त्यानं सुख दिलं असं मी म्हणणार नाही. भिंतीला भिंत आहे, मला सगळं ऐकू यायचं. तो मारत नव्हता, पण घरात असून नसल्यासारखा असायचा, आणि शेतातलं खुरपण, घरातलं दुखणंखुपणं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर पडायचं.

त्याच्या काळजाची काळजी मात्र सगळ्या गावाला. काळीज सडेल, रक्ताच्या उलट्या होतील, हे त्याला रोज कुणी ना कुणी सांगायचं. सगळ्यात जास्त सांगायचे बसवराज आप्पा, आमचे किराणा दुकानदार. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाहीत, दारूच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत, माणूस वाईट नाही. पण गुटख्याच्या माळा तराजूच्या मागं ठेवून विकतात. साखरेचा आजार आहे आणि पेढा दिसला की हात जोडून खातात. प्रसादानं साखर वाढत नाही म्हणतात. दुसरे दिनकरराव, निवृत्त ग्रामसेवक. हेल्मेट मोटारसायकलच्या हँडलला अडकवून परभणीपर्यंत जातात आणि पोलीस दिसला की डोक्यावर चढवतात. दोघंही मुंजाजीला म्हणायचे, "जीव स्वस्त झालाय व्हय रे तुझा?"

मुंजाजी हसायचा. "स्वस्तच हाय आप्पा. तुमच्या दुकानात ठिवा, कोणी घेतंय का बघा."

त्याचा स्वतःचा एक हिशोब होता. कोरोनाची लस गावात पहिल्यांदा आली तेव्हा दिनकरराव म्हणाले, बी.पी.वाल्यानं घेऊ नये. आप्पा म्हणाले, आधी दुसऱ्यांना घेऊ द्या, मग बघू. समाजमंदिरात टेबल मांडून बसलेल्या सविता सिस्टर दुपारपर्यंत माशा हाकत होत्या. पहिला गेला तो मुंजाजी. मी विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाला, "दर पावसाळ्याच्या तोंडाला म्हशी धरून म्या टोचून घेतो. कोणती मेलीय सांग. टोचून न घेतलेल्या मेल्यात."

इथवर तो शहाणा होता. पुढं गावानं त्याला शहाणपण शिकवलं. सुई घेऊन बाहेर आला तेव्हा पारावरच्यांनी सांगितलं, आता दारू बंद, पथ्य आहे, घेतलीस तर आतल्या आत रिअॅक्शन होऊन जागीच जाशील. सिस्टरना कुणी विचारलं नाही. आपल्याकडं औषध म्हटलं की पथ्य आलंच. सुंठीच्या काढ्याला वांगं चालत नाही, तर सरकारी सुईला दारू कशी चालेल? मुंजाजीनं त्याच दिवशी बाटली उकिरड्यावर ओतली.

दोन दिवसांनी त्याचं अंग कापायला लागलं. भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणून तो झटकायचा, आणि मुंग्या नव्हत्या. मग दातखीळ बसली, डोळे फिरले, तो अंगणात पडला. कमलबाई कांदा फोडून नाकाशी धरून ओरडत होती. आम्ही त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडायची नसते, जीव जाऊ शकतो. सोडायची तर आमच्या देखरेखीखाली सोडा. गावानं यातून अर्थ काढला की सुईनं फिट आली. अर्ध्या गावानं लस घेतली नाही. मुंजाजीचा अर्धा ग्लास परत सुरू झाला, पण तो तेवढा म्हणत राहिला, "सुईनं काय झालं न्हाई रे. पथ्यानं झालं." त्याचं हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गेल्या वर्षी पोळा होऊन गेल्यावर आप्पांची म्हैस व्याली. घरात आनंद, कारण आप्पांच्या पत्नी भागम्मा यांनी त्या म्हशीला लेकीसारखं वाढवलेलं. आमच्याकडं म्हैस व्याली की पहिल्या दिवसांचं घट्ट दूध, ज्याला आम्ही चीक म्हणतो, ते एकट्यानं खायचं नसतं. गूळ-वेलदोडा घालून वाफवायचं, वड्या पाडायच्या आणि घरोघर वाटायच्या. भागम्मांनी हात राखून वाटलं नाही. जवळजवळ सगळ्या गावानं त्या वड्या खाल्ल्या, मीही खाल्ली.

आठवड्यानं म्हशीनं चारा सोडला. तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या, आवाज घोगरा झाला, पाण्याकडं मान वळवेना. भागम्मा म्हणाल्या, सरकीच्या ढेपेचा खडा अडकलाय घशात. मुंजाजीला बोलावणं गेलं. त्यानं नेहमीसारखी एका हातानं जीभ बाजूला धरली आणि दुसरा हात घशात घातला. घशात काहीच नव्हतं. म्हशीनं मान झटकली, दात मनगटावर घासले, कातडी सोलून रक्त आलं. त्यानं खिशातली बाटली काढून थोडी दारू जखमेवर ओतली, थोडी स्वतः घेतली आणि फडकं बांधलं. दोन दिवसांनी म्हैस मेली.

मग जनावरांचे डॉक्टर आले. चौकशीत निघालं की महिन्याभरापूर्वी गायरानात एका कुत्र्यानं म्हशीच्या मागच्या पायाला तोंड घातलं होतं. गुराख्यानं हळद लावली आणि विसरून गेला. डॉक्टर म्हणाले, म्हैस पिसाळली होती. हा आजार माणसाला झाला आणि माणूस एकदा पाण्याला भ्यायला लागला की मग जगात इलाज नाही. त्याच्या आधी सुई घेतली तर धोका टळतो. ज्यांचा लाळेशी संबंध आला त्यांनी लगेच घ्या. चीक शिजवून खाल्लाय, त्याची भीती नाही. यातलं पहिलं सगळ्यांनी ऐकलं. शेवटचं वाक्य ऐकायला कुणी थांबलं नाही, तोवर निम्मी माणसं आरोग्य केंद्राच्या रस्त्याला लागली होती.

मी त्या दिवशी गिरणीचा पट्टा आणायला पूर्णेला गेलो होतो. मला खाल्लेल्या वडीची भीती नव्हती असं नाही, पट्टा तुटलेला होता म्हणून गेलो. रांगेत काय झालं ते मला चौघांनी सांगितलं, आणि चौघांनीही अभिमानानं सांगितलं, त्यामुळं ते खरं असावं.

रांग आरोग्य केंद्राच्या फाटकाबाहेर गेली होती. कोरोनाच्या वेळी हात न उघडणारे सगळे बाह्या सारून उभे. पुढं आप्पा, भागम्मा, मग दिनकरराव. सविता सिस्टर आधी बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, नुसता शिजवलेला चीक खाल्लाय त्यांना गरज नाही, चावलं असेल, लाळ लागली असेल त्यांनी पुढं या. दिनकररावांनी वर तक्रार करण्याची भाषा केली. गावाच्या जिवाशी खेळता का म्हणाले. बाई एकट्या, समोर दोनशे माणसं. त्या आत जाऊन टोचायला बसल्या.

तेवढ्यात मुंजाजी आला. मनगटाला फडकं, आणि सकाळचा अर्धा ग्लास झालेला, त्यामुळं वास.

आप्पा म्हणाले, "मुंजाजी, तू कामून आलास? पिऊन सुई घेतली तर खुर्चीवरून उठायचा न्हाईस बाबा. मागच्या टायमाला बघितलं की आमी."

मुंजाजी म्हणाला, "आप्पा, दात मला लागलाय. तुमी तर वडी खाल्ली."

"वडी का होईना," दिनकरराव म्हणाले. "धोका कशाला घ्यायचा?"

मग त्यानं विचारलं की हिचं पथ्य किती दिवसांचं. दिनकररावांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "ही कुत्र्याची सुई हाय, लय जहाल. तीन महिने थेंब चालत न्हाई. आधी दारू तोड, मग ये. सुई कुठं पळून चाललीय का." हे त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. मागून दहाजणांनी माना हलवल्या. एकानं तर त्याचा दंड धरून त्याला प्रेमानं फाटकापर्यंत सोडलं. आत सिस्टरना हे दिसलं नाही. संध्याकाळपर्यंत ज्यांना गरज नव्हती त्या सगळ्यांना सुई मिळाली, आणि दंड चोळत, एकमेकांची विचारपूस करत ते घरी गेले.

त्या संध्याकाळी मुंजाजी माझ्या गिरणीच्या ओट्यावर बसला. मी म्हणालो, उद्या जा आणि सरळ सिस्टरना विचार.

"तोंडाचा वास घेऊन त्या माउलीपुढं कसा जाऊ, बन्सीभाऊ? सोडूनच जातो." मग तो हातावरचं फडकं नीट करत म्हणाला, "म्या इचार केलाय. एकदम सोडली तर फिट येऊन मरतो, ते बघितलंय म्या. न सोडता सुई घेतली तर जागीच मरतो म्हणतेत. दोन्ही बाजूनं मरणच हाय. मग मधून जातो. थोडी थोडी कमी करतो. पार सुटली की सुई घेतो. म्हैस तरी खरंच पिसाळलेली होती का, कोणी बघितलंय?"

मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. पथ्याशिवाय औषध, ही गोष्ट आमच्या पिढीच्या डोक्यात शिरतच नाही. गावानं सांगितलेली चुकीची गोष्ट आणि एकदा स्वतः भोगलेली खरी गोष्ट, यांची बेरीज त्यानं बरोबर केली होती. आकडेच खोटे होते, ते त्याला कुठून कळणार?

आणि त्यानं खरंच केलं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग घरात होता. त्यानं आपल्या काचेच्या ग्लासावर त्या रंगाची एक रेघ ओढली. तिच्या वर दारू जाऊ द्यायची नाही. काही दिवसांनी तिच्या खाली दुसरी. मग तिसरी. हात थरथरायचे, रात्री झोप यायची नाही, भिंतीपलीकडून मला त्याच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. मधेच कस्तुराबाईची म्हैस अडली तेव्हा तो थरथरत्या हातानं गेला, रेडकू काढलं, आणि तिनं दिलेली बाटली परत केली. कमलबाईनं त्या दिवशी मला पुरणाची पोळी आणून दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा शुद्धीवर असताना आपल्याशी बोलतोय हे ती पहिल्यांदा बघत होती. "सांजच्याला दारात बसून गप्पा मारायलेत," म्हणाली, आणि लाजली.

गावानं श्रेय घेतलं. आप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, आमी रांगेत चार शब्द सुनावले म्हणून सुधारला. कुणी त्याला विचारलं नाही, सुईचं काय झालं. सगळ्यांचे स्वतःचे डोस चालू होते, तारखा न चुकवता.

थंडी पडायला लागली तेव्हा ग्लासावरची शेवटची रेघ तळाला टेकली. एका शनिवारी तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून गिरणीत आला. इतका स्वच्छ मुंजाजी मी कधी पाहिला नव्हता. "सुटली बन्सीभाऊ. आता सोमवारी सुई घेतो, तू चल गाडी घेऊन." मग मनगट चोळत म्हणाला, "हिथं मुंग्या यायल्यात लय. दारू जायलीय ना अंगातून, म्हणून."

सोमवारी सकाळी मी मोटारसायकल काढली. तो मागं बसला. गाडी जरा वेगात गेली की तो माझ्या पाठीत डोकं खुपसायचा आणि उपरणं तोंडावर ओढायचा. मी विचारलं, थंडी वाजतेय का? म्हणाला, "वारं सोसना गेलंय." चहाला थांबलो, त्यानं कप तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. घसा दुखतोय म्हणाला. मला तेव्हाही काही कळलं नाही.

आरोग्य केंद्रात गर्दी नव्हती. सविता सिस्टर टेबलाशी होत्या, वरती पंखा हळू फिरत होता. मुंजाजी खुर्चीत बसला, स्वतःच बाही वर केली आणि म्हणाला, "ताई, पथ्य पुरं करून आलोय. एक थेंब न्हाई. वास घेऊन बघा." पंख्याचा झोत त्याच्या तोंडावर आला आणि त्याचा गळा आतून कुणी आवळल्यासारखा ओढला गेला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सिस्टरनी हातातली सुई खाली ठेवली. मनगटावरचा वण पाहिला, कधीचा आहे ते विचारलं, म्हशीचं ऐकलं. एका पेल्यात थोडं पाणी ओतून त्याच्यासमोर ठेवलं. तो पेल्याकडं बघून उठून उभा राहिला, भिंतीला टेकला आणि ओशाळून हसला. "तहान तर लागलीय ताई. पण पिववत न्हाई."

सिस्टरनी पंखा बंद केला आणि मला व्हरांड्यात नेलं. मोठ्या दवाखान्यात नेऊया म्हणाल्या, गाडी बोलावते, पण तुम्ही घरच्यांची तयारी करा. मी म्हणालो, ताई, तो कधीचाच येणार होता, पण पथ्य होतं ना, दारूचं.

"कसलं पथ्य?" त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं?"

मी रांग सांगितली.

त्या म्हणाल्या, "या सुईला काहीच पथ्य नसतं हो. तर्र होऊन आले असते तरी मी त्याच मिनिटाला दिली असती. सगळ्या रांगेत पहिली त्यांना दिली असती."

आत मुंजाजी बाही वर करून तसाच बसून होता. आता घ्यायची ना सुई, असं त्यानं मला विचारलं. तो चार दिवस मोठ्या दवाखान्यात होता. शेवटचा दिवस मी सांगणार नाही. कमलबाईनं त्याचं तोंड पुसून पुसून पदर भिजवला होता, एवढंच सांगतो. त्याच्या अंगात दारूचा थेंब नव्हता, त्यामुळं शुद्ध शेवटपर्यंत होती.

मातीला माणसं मोजकी आली आणि लांब उभी राहिली. कमलबाईच्या घरचं पाणी कुणी प्यालं नाही. तिसऱ्या दिवशी सविता सिस्टर घरी आल्या, सतरंजीवर बसल्या, पाणी मागून घेतलं आणि प्यायल्या. कमलबाईनं कोनाड्यातला ग्लास आणून त्यांच्यासमोर ठेवला. लाल रेघा खालपर्यंत उतरत गेलेल्या. "बघा ताई, कुठवर आणली होती. मग कामून असं झालं?"

सिस्टरनी तिला खोटं सांगितलं नाही. पथ्य नव्हतंच, हे त्यांनी जसं मला सांगितलं तसंच तिला सांगितलं. कमलबाईनं ग्लास उचलला, पदरानं पुसला आणि परत कोनाड्यात ठेवला. रडली नाही. सिस्टर म्हणाल्या, "त्यांची लाळ तुमच्या हाताला लागलीय, तुमच्या हाताला खुरप्याच्या जखमा आहेत. उद्या सकाळी येऊन सुई घ्या. जेवून या. कसलंही पथ्य नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेलो तेव्हा फाटकाबाहेर रांग होती. पुन्हा. मुंजाजीच्या शेजारी बाकावर बसलो होतो, त्याला विडी दिली होती, त्यानं आमचं रेडकू काढलं होतं, अशी एकेकाची कारणं. सगळ्यात पुढं दिनकरराव, त्यांच्या मागं आप्पा. मागची सुई अजून अंगात आहे, तुम्हाला आता कसलीच गरज नाही, असं सिस्टर आतून ओरडून सांगत होत्या आणि कुणी हलत नव्हतं.

कमलबाई डोक्यावर पदर घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. दिनकररावांनी वळून पाहिलं आणि ते मागं तिच्यापाशी आले. मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, चौथाच दिवस हाय. सुतकात असं चारचौघांत शिवाशिव कशाला? दहावा होऊ द्या, मग या. सुई कुठं पळून चाललीय का."

आप्पांनी पुढून मान डोलावली. लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तेच म्हणाले, "आमच्यात न्हाई तसलं काही. पण लोकांचं बघावं लागतंय माय."

कमलबाई जागची हलली. मला वाटलं, वळून घराकडं चालली, आणि मी तिला अडवायला पुढं झालो. पण ती रांगेच्या कडेनं सरळ पुढं गेली. बाया लुगडी सावरत बाजूला झाल्या. आप्पांच्या समोर ती थांबली.

"आप्पा, माझ्या मालकानं तुमचं पथ्य पाळलं," ती म्हणाली. "म्या न्हाई पाळायची."

ती आत जाऊन खुर्चीवर बसली. सिस्टरनी तिची जखम धुतली, सुई दिली, पुढच्या तारखा सांगितल्या. ती बाहेर आली तेव्हा रांग तिच्यापासून चार हात मागं सरली, आणि मी गाडी चालू केली.

फाटकापाशी गाडी थांबवून मी मागं, उघड्या दारातून पाहिलं. दिनकररावांनी शिपायाला बादली आणायला लावली होती. कमलबाई बसली होती ती खुर्ची त्यांनी धुवून घेतली, रुमालानं स्वतः कोरडी केली, आणि बाही वर सारून तिच्यावर बसले.